शीघ्र हस्तक्षेप म्हणजे काय? शेवगावसारख्या तालुक्यात बाळासाठी मदत कुठून मिळते?

दीड वर्ष झालं तरी बाळ चालत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही. घरचे म्हणतात, 'याचे वडीलही उशिराच बोलले होते.' कधी ते खरंही असतं. पण मेंदूची वाढ पहिल्या तीन वर्षांत सर्वांत वेगाने होते. तो काळ वाट पाहण्यात गेला, तर नंतर जास्त कष्ट पडतात. म्हणूनच शंका येताच तपासणी करून व्यायाम, वाचा-उपचार आणि पालकांना मार्गदर्शन सुरू करतात. यालाच शीघ्र हस्तक्षेप म्हणतात.

तपासणी कधी करावी?

- 4 महिने : मान धरत नाही
- 9 महिने : आधाराशिवाय बसत नाही
- 1 वर्ष : नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद नाही
- दीड वर्ष : चालत नाही, एकही शब्द बोलत नाही
- 2 वर्षं : दोन शब्द जोडत नाही
- कोणतंही वय : आधी येणारी गोष्ट बंद झाली

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे मूल दिव्यांग आहे, असं नाही. बोलायला उशीर होत असेल तर आधी कान तपासावेत. जन्मजात बहिरेपणावर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू होणं सर्वांत चांगलं.

कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर इथून सुरू झाला. त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. गरज असल्यास सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं जातं. पथकाची वाट पाहायलाच हवी असं नाही. आशाताई, अंगणवाडीताई किंवा ग्रामीण रुग्णालयात थेट विचारता येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी काय करावं?

शेवगाव-पाथर्डी भागातली अनेक कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या काळात पथक गावात येऊन गेलं, तर मूल तपासणीतून सुटतं. म्हणून निघण्याआधीच तपासणी करून घ्यावी. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावं. अंगणवाडीची नोंद नव्या ठिकाणी हलवता येते, तसं ताईंना सांगावं.

घरच्यांचा वाटा किती?

सर्वांत मोठा. उपचारतज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास भेटतो, घरचे दिवसभर सोबत असतात. अंघोळ घालताना अवयवांची नावं घेणं, जेवताना 'अजून हवं?' विचारून उत्तराची वाट पाहणं, हाही सराव आहे. तो कसा करायचा, हे तज्ज्ञांकडून शिकून घ्यावं. सारा भार आणि दोष आईवर टाकू नये. आजी-आजोबा आणि वडिलांनीही हा सराव शिकावा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास 'निरामय' योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. शीघ्र हस्तक्षेपाचे उपचार मात्र प्रमाणपत्राची वाट न पाहता सुरू करता येतात.