२५० डॉलर पगार, संघाचे कपडे स्वतः धुवायचे: कॉलेजच्या मुलींची कोच पॅट समिट इतकी मोठी कशी झाली?

खटाव-माणच्या पट्ट्यात पोरगी खेळात चांगली निघाली की घरच्यांना आनंद होतो. पण त्याच्या मागोमाग एक प्रश्न येतोच, पुढं काय? दहावी-बारावीपर्यंत मैदान गाजवणाऱ्या मुली नंतर मैदानावर दिसेनाशा होतात. वडूजच्या आसपास कुठल्याही पीटीच्या सरांना विचारा, ते हेच सांगतील.

वडूजला लागून असलेल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर याला अपवाद ठरली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली. पण प्रत्येक गावातून ललिता बाबर निघत नसते. बाकीच्या मुलींचं काय होतं, हे त्यांच्या कॉलेजात त्यांना खेळवणारं कोणी आहे का, यावर ठरतं.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात मुलींना खेळवणं हे काय करिअर आहे का? तर आहे. अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलीनं हे काम ३८ वर्षं केलं. तिचं नाव पॅट समिट. सुरुवातीला तिचा पगार महिन्याला २५० डॉलर होता, आणि शेवटी ती वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमावणारी महिला बास्केटबॉलमधली पहिली कोच ठरली.

पण ही गोष्ट एकट्या तिच्या कष्टाची नाही. त्यात एका कायद्याचाही हात आहे. दोन्ही सोबत समजून घेऊ.

पोरीसाठी बापानं घर हलवलं

पॅट्रिशिया हेड हे तिचं लग्नाआधीचं नाव. जन्म १४ जून १९५२ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या क्लार्क्सव्हिलचा. घरी दुभती जनावरं आणि तंबाखूची शेती. तीन मोठे भाऊ, एक धाकटी बहीण. दिवसभर शेतातली कामं करायची आणि संध्याकाळी वैरण ठेवायच्या माडीवर भावांसोबत बास्केटबॉल खेळायचा. भाऊ तिला मुलगी म्हणून सूट द्यायचे नाहीत.

ती हायस्कूलला जायच्या वयाची झाली तेव्हा अडचण आली. ज्या हायस्कूलला ती जाणार होती तिथं मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता. शेजारच्या काउंटीतल्या शाळेत होता. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा समजा. मग तिच्या वडिलांनी घरच त्या काउंटीत हेन्रिएटा नावाच्या गावी हलवलं, म्हणजे पोरीला खेळता येईल.

पुढं कॉलेजला गेल्यावरही तेच. तिच्या भावांना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळाली होती, मुलींसाठी तेव्हा ती सोयच नव्हती. तिच्या शिक्षणाचा खर्च आई-वडिलांनी केला.

२२ व्या वर्षी हेड कोच

१९७४ साली ती टेनेसी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी आली. खरं तर तिला सहायक म्हणून काम करायचं होतं. पण आधीच्या कोच बाई रजेवर गेल्या आणि २२ वर्षांच्या पॅटकडं अख्खा संघ आला. संघातल्या काही मुली तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभरानं लहान होत्या.

हेड कोच म्हणल्यावर आपल्या डोळ्यांपुढं सूट घालून बाजूला उभा राहिलेला माणूस येतो. पॅटच्या वाट्याला आलेलं काम वेगळं होतं. सामन्याला जाताना व्हॅन तीच चालवायची. संघाचे कपडे तीच धुवायची. ते कपडेही आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशातून घेतलेले होते. सोबत स्वतःचा अभ्यास, विद्यार्थ्यांचे वर्ग घेणं, आणि दुखापत झालेल्या गुडघ्याचा व्यायाम. कारण तिला खेळाडू म्हणून ऑलिंपिकलाही जायचं होतं.

डिसेंबर १९७४ मध्ये कोच म्हणून पहिला सामना झाला. मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८३-८४ असा, एका गुणानं हरली.

दोन वर्षांनी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदाच खेळवला गेला. अमेरिकेला रौप्यपदक मिळालं आणि त्या संघात पॅट होती. १९८० मध्ये लग्न झाल्यावर ती पॅट समिट झाली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा ती त्या संघाची कोच होती.

तो कायदा काय होता?

पॅट कोच व्हायच्या दोन वर्षं आधी, जून १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला टायटल नाइन म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. कायद्याच्या त्या मूळ कलमात खेळ हा शब्दसुद्धा नाही. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग धरला गेल्यानं कॉलेजांना मुलींचे संघ, मैदान, प्रवासखर्च आणि शिष्यवृत्त्या याकडं बघावंच लागलं.

कायदा होण्याआधी अमेरिकेतल्या शाळांमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज हा आकडा तीस लाखांच्या पुढं आहे.

मुलींच्या खेळाकडं तेव्हा कसं बघितलं जायचं, याचं एक उदाहरण टेनेसीतच होतं. तिथल्या शाळांत मुलींचा बास्केटबॉल सहा-सहा जणींचा असायचा. तिघींनी एका अर्ध्या मैदानात फक्त गोल करायचे, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त अडवायचं. मधली रेष कुणीच ओलांडायची नाही. मुलींना पूर्ण मैदान धावणं झेपणार नाही, अशी त्यामागं समजूत. याचा परिणाम असा की निम्म्या मुलींनी शाळेत असताना बास्केटमध्ये बॉल टाकलेलाच नसायचा. अशा मुलींना कॉलेजात कोण घेणार आणि शिष्यवृत्ती कोण देणार?

पॅट समिटनं याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. हा नियम राहिला तर आपल्याच राज्यातल्या मुली संघात घेणं अवघड आहे, असं तिनं स्पष्ट सांगितलं. १९७९ च्या सुमारास टेनेसीच्या शाळांनी मुलींसाठीही पाच-पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला.

तीन फायनल हरल्यावर पहिलं विजेतेपद

पॅट समिटचे विक्रम वाचले की वाटतं, ही पहिल्यापासून जिंकतच आली असणार. तसं नाही. १९८०, १९८१ आणि १९८४ अशा तीन राष्ट्रीय फायनल तिचा संघ हरला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९८७ मध्ये, म्हणजे तेराव्या हंगामात.

त्यानंतर मात्र गाडी थांबली नाही. १९८९, १९९१, मग १९९६, १९९७, १९९८ अशी सलग तीन वर्षं, आणि पुढं २००७, २००८. एकूण आठ विजेतेपदं. १९९७-९८ च्या हंगामात तर संघानं ३९ सामने खेळले आणि ३९ जिंकले. २००५ मध्ये तिनं पुरुष संघांचे नावाजलेले कोच डीन स्मिथ यांचा ८७९ विजयांचा विक्रम मागं टाकला. निवृत्त झाली तेव्हा खात्यावर १०९८ विजय आणि २०८ पराभव होते. ३८ वर्षांत एकही हंगाम असा नाही, ज्यात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले.

वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं

अमेरिकेत कॉलेजच्या हेड कोचचं काम सराव घेण्यापुरतं नसतं. देशभर फिरून शाळेतल्या चांगल्या खेळाडू शोधायच्या, त्यांच्या घरी जाऊन आई-वडिलांशी बोलायचं, शिष्यवृत्ती कुणाला द्यायची ते ठरवायचं. आणि त्या मुलीचा अभ्यास नीट चाललाय का, हेही बघायचं.

खेळाडू शोधायच्या कामावरून पॅटचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९९० मध्ये दिवस भरत आलेले असताना ती मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीला भेटायला पेनसिल्व्हेनियात गेली. तिथंच कळा सुरू झाल्या. परतीच्या विमानात पायलट म्हणाले, व्हर्जिनियात उतरून दवाखाना गाठू. पॅट म्हणाली, अजिबात नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाच्या संघानं तिच्या संघाला स्पर्धेबाहेर काढलं होतं! मुलगा टायलर टेनेसीतच जन्मला. मिशेल आधी दुसऱ्या विद्यापीठात गेली, पण नंतर टेनेसीत आली आणि १९९६ च्या विजेत्या संघात खेळली.

अभ्यासाबाबत पॅटचा नियम साधा होता. वर्गात दांडी मारायची नाही आणि पहिल्या तीन रांगांतच बसायचं. टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण करणाऱ्या तिच्या प्रत्येक खेळाडूनं पदवी घेतली. १०९८ विजयांच्या शेजारी हा विक्रम लोक आवर्जून सांगतात, कारण पदवी घेतलेल्या सगळ्याच मुली काही व्यावसायिक खेळाडू झाल्या नाहीत. पण हातात शिक्षण होतं. काही जणी कोच झाल्या. तिची माजी खेळाडू हॉली वॉर्लिक पुढं तिची सहायक झाली आणि नंतर तिच्याच जागेवर बसली.

आजार लपवला नाही

ऑगस्ट २०११ मध्ये पॅट समिटनं स्वतः जाहीर केलं की तिला अल्झायमरच्या प्रकारचा स्मृतिभ्रंश झालाय. वय फक्त ५९. समोरच्या संघाच्या चाली आणि आपल्या खेळाडूंच्या सवयी डोक्यात ठेवून निर्णय घेणं हेच जिचं काम, तिचीच स्मरणशक्ती जायला लागली होती.

तरी तो हंगाम तिनं सोडला नाही. बरीचशी जबाबदारी सहायकांनी उचलली आणि ती बाकावर बसून राहिली. एप्रिल २०१२ मध्ये ती पदावरून बाजूला झाली. त्याच वर्षी तिला अमेरिकेचा प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. अल्झायमरवरच्या कामासाठी तिनं आपल्या नावानं फाउंडेशन सुरू केलं होतं. २८ जून २०१६ रोजी, ६४ व्या वर्षी तिचं निधन झालं.

तिचा विजयांचा विक्रम २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हियर यांनी मोडला.

पैसा आला आणि पुरुष आले

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. टायटल नाइनच्या आधी अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत दहापैकी नऊहून जास्त बायकाच होत्या. कारण त्या कामात पैसाच नव्हता. कायद्यानंतर पगार वाढले, पद मोठं झालं, आणि पुरुषही या नोकरीसाठी अर्ज करू लागले. आज मुलींच्या संघांच्या हेड कोचमध्ये बायका निम्म्याहून कमी आहेत. मुलींना मैदान मिळालं, पण कोचच्या खुर्चीतला बायकांचा वाटा घटला.

आणि आपल्याकडं?

वडूज, सातारा, सांगली, कोल्हापूर हा सगळा भाग शिवाजी विद्यापीठाचा. इथल्या कॉलेजात सहसा बास्केटबॉलचा वेगळा कोच नसतो. शारीरिक शिक्षण संचालक हे एक पद असतं. कबड्डी, खो-खो, कुस्ती, ॲथलेटिक्स, बास्केटबॉल, मुलांचे आणि मुलींचे संघ, सगळं त्याच एका माणसाकडं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवड झालेल्या खेळाडूंचा विद्यापीठाचा संघ बनतो, त्याचं शिबिर लागतं आणि मग तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. एकच कोच चार वर्षं त्याच मुलींना घडवतोय, ही रचना आपल्याकडं नाही.

पण आपल्याकडं कोचच नाहीत असंही नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिला कबड्डी संघानं फायनलमध्ये भारताला २७-२४ असं हरवलं. त्याआधीची दोन्ही सुवर्णपदकं भारताची होती. इराणच्या त्या संघाच्या कोच होत्या नाशिकच्या शैलजा जैन. शिकवणारी माणसं आपल्याकडं आहेत, हे त्या दिवशी सगळ्या आशियानं पाहिलं.

हे काम करायचं असेल तर वाटाही आहेत. बीपीएड करून शाळेत क्रीडाशिक्षक होता येतं. एमपीएड आणि त्यापुढं नेट-सेट किंवा पीएचडी केली तर कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालकपदासाठी अर्ज करता येतो, आणि त्या पदाला प्राध्यापकांच्या बरोबरीची वेतनश्रेणी आहे. एकाच खेळाचा कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा डिप्लोमा आहे.

पॅट समिटच्या वडिलांनी घर हलवलं, कारण जवळच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता. प्रत्येक बापाला ते जमणार नाही. म्हणून मुलीला कॉलेजात घालताना फी आणि होस्टेलसोबत आणखी दोन गोष्टी विचारायला हरकत नाही: तुमच्याकडं मुलींचा संघ आहे का, आणि त्यांना खेळवतं कोण?