एक जागा आहे, दोन नाहीत

ताईचं बाळंतपण ऑक्टोबरात, शिकागोला. आई-बाबा साताऱ्यात. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे वीस-बावीस तास बसून जायचं म्हटल्यावर डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. माझ्याकडे मात्र माइल्स होते. तीन वर्षं ऑफिसच्या कामासाठी केलेले प्रवास, वर क्रेडिट कार्ड. मित्रांच्या पारटीचं अख्खं बिल मी भरायचो आणि मग यूपीआयने पैसे गोळा करायचो, ते उगाच नाही. दोघं बिझनेस क्लासने जातील एवढा साठा झाला होता. फोनवर सांगूनही टाकलं, "बाबा, तुम्ही दोघं आडवे झोपून जाणार."

मग शोधायला बसलो. एका प्रवाशासाठी शोधलं की जागा दिसायची. आकडा दोन केला की तीच फ्लाइट यादीतून गायब. पैसे मोजून तिकीट काढायला गेलं तर मात्र त्याच फ्लाइटवर बिझनेसची हवी तेवढी तिकिटं. पहिला आठवडा मला हा सॉफ्टवेअरमधला बग वाटत होता, तेवढा पेशाचा दोष धरा. बग नव्हता. हे असं का, म्हणून खणत गेलो आणि थेट १९५३ सालच्या एका विमानात पोहोचलो.

लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या त्या विमानात दोन स्मिथ शेजारी बसले होते. एक अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ, दुसरा आयबीएमचा विक्रेता ब्लेअर स्मिथ. तेव्हा आरक्षण म्हणजे कार्डं, पेन्सिली आणि फोनवर ओरडणारी माणसं. त्या गप्पांतून पुढे 'सेबर' ही संगणक-प्रणाली उभी राहिली आणि १९६०च्या दशकात कामाला लागली. कोणत्या विमानात किती जागा उरल्या, हे त्या यंत्राला ठाऊक असायचं.

१९७८ साली अमेरिकेने विमान कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा केला. तोवर भाडं सरकार ठरवायचं, आता कंपन्या एकमेकींच्या गळ्याला लागल्या. नेहमीचं गिऱ्हाईक टिकवायचं तर आधी ते ओळखायला हवं, आणि ओळखणारं यंत्र तर घरातच होतं. सेबरच्या नोंदींत तेच ते फोन नंबर वारंवार सापडले, त्या लोकांना सभासद करून घेतलं आणि १ मे १९८१ला 'एअॅडव्हांटेज' सुरू झालं. (आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती.) त्याआधी एक-दोन छोट्या कंपन्यांनी असं काही करून पाहिलं होतं, पण हे मोठं होतं. आठवड्याभरात युनायटेडने आपली योजना काढली. भरपूर उडा, मैल साठवा, फुकट फिरा. साधा सौदा.

पण ज्या यंत्राने गिऱ्हाईक ओळखलं, त्यालाच रिकामी खुर्ची मोजायचं गणितही शिकवलं गेलं. ते गणित १९७२ साली ब्रिटनच्या बीओएसी कंपनीतल्या केन लिटलवूडने मांडलं होतं. स्वस्तातला प्रवासी आत्ता दारात उभा आहे. महागातला नंतर येईल, न येईल. मग स्वस्तवाल्याला जागा कधी द्यायची? महाग भाडं गुणिले ते मिळण्याची शक्यता, यापेक्षा स्वस्त भाडं जास्त असेल तेव्हाच. १९८०च्या दशकात रॉबर्ट क्रँडलच्या अमेरिकन एअरलाइन्सने हा विचार धंद्याच्या मध्यभागी आणून ठेवला. १९८५ साली तिने निवडक जागा अतिस्वस्त विकल्या, बाकीच्या राखल्या आणि पीपल एक्स्प्रेससारख्या स्वस्त कंपनीला घाम फोडला.

माझ्या दोन जागांचं कोडं इथे सुटतं. समजा बिझनेसमध्ये चार खुर्च्या उरल्यात. चारही विकल्या जाण्याची शक्यता दहा टक्के, निदान तीन जाण्याची तीस टक्के. पहिली खुर्ची माइल्सवर दिली तर कंपनीचं नुकसान कधी? चारही विकल्या गेल्या असत्या तर, म्हणजे दहात एकदा. दुसरीही दिली तर तिचं नुकसान दहात तीनदा. म्हणजे दुसरी जागा पहिलीच्या तिप्पट महाग पडते. माइल्सच्या कप्प्यात एकच जागा टाकणं कंपनीला परवडतं, दोन टाकताना हात आखडतो. नवरा-बायको हे एकक त्या गणितात नाहीच, फक्त खुर्च्या आहेत.

आधी साठवा म्हणायचं आणि नंतर कप्पा लहान करायचा, यावर लोक भांडलेही. १९८८ साली अमेरिकन एअरलाइन्सने माइल्सवर मिळणाऱ्या जागांना मर्यादा घातली, काही तारखा बंद केल्या, आणि हे आधीच साठवलेल्या माइल्सनाही लागू केलं. सभासद कोर्टात गेले. 'अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वोलेन्स' हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला आणि १९९५ साली निकाल लागला. राज्याच्या ग्राहक कायद्याखाली दाद मागता येणार नाही, १९७८चा कायदा आड येतो. पण करार मोडला असं म्हणणं असेल तर त्यासाठी भांडता येईल. आता कराराचा मजकूर लिहितं कोण? सभासदत्वाच्या अटी वाचा: आम्ही काहीही, कधीही बदलू शकतो. मीही न वाचताच 'मान्य' दाबलं होतं. २०१५ साली डेल्टाने कुठल्या प्रवासाला किती माइल्स लागतील याचा तक्ताच काढून टाकला.

आपल्याकडे याहून चमत्कारिक गोष्ट घडली. १७ एप्रिल २०१९च्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं आणि कंपनी थांबली. तिची माइल्सची योजना मात्र आधीच वेगळ्या कंपनीत टाकलेली होती. ती 'इंटरमाइल्स' नाव घेऊन चालू राहिली. विमान गेलं, मैल उरले. आणि २०२०च्या साथीत विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलरचं कर्ज उभारलं. मी तीन वर्षं जे 'माझं' म्हणून साठवत होतो, ते असं दुसऱ्याच्या तिजोरीतलं सोनं होतं.

हे सगळं कळून जागा वाढल्या नाहीत. सव्वा महिना मी रोज रात्री शोधलं. शेवटी बाबांसाठी बिझनेसची एक जागा घेतली, आईला त्याच विमानात मागे इकॉनॉमीत. स्वतःवर खूश होऊन साताऱ्याला फोन केला.

"मग रात्री उठायचं झालं तर यांना धरणार कोण?" आई म्हणाली. "आणि गोळ्या?"

"आई, तिथे एअर होस्टेस असते."

"तिला काय माहीत यांचं?"

बाबा मागून म्हणाले, "तिला तिकडे बसव, मी बसतो मागे." त्यावर तिकडेच बराच वेळ वाद झाला, मी फोन कानाला लावून ऐकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दंड भरून ती जागा रद्द केली. दोघांना शेजारी-शेजारी प्रीमियम इकॉनॉमी मिळाली, पाय थोडे पसरता येतील अशी, आणि वाटेत थांबून एक रात्र हॉटेलात मुक्काम. माइल्स जवळपास सगळे संपले.

झोपण्यापूर्वी सवयीने पुन्हा शोधलं. तीच तारीख, तीच फ्लाइट, बिझनेस, प्रवासी एक. मी सकाळी परत केलेली खुर्ची माइल्सच्या यादीत नव्हती. पैशांनी विकत मात्र मिळत होती.