सायनसची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : शस्त्रक्रियापूर्व स्टेरॉइडे व रक्तस्राव

नाकातून दुर्बीण घालून सायनसचे (नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांचे) अडलेले मार्ग मोकळे करण्याच्या शस्त्रक्रियेआधी, रक्तस्राव कमी व्हावा म्हणून काही दिवस स्टेरॉइड देण्याची पद्धत. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे मेसरक्लिंगर यांनी या शस्त्रक्रियेचा पाया घातला. 1980 नंतर श्टामबर्गर व केनेडी यांनी तिचा प्रसार केला.

सायनसलगतच डोळ्याची खोबण आणि कवटीचा तळ असतो. नाकाचे अस्तर सुजलेले असल्यास थोड्या रक्तानेही दुर्बिणीतले दृश्य झाकोळते व इजेचा धोका वाढतो. स्टेरॉइडमुळे सूज उतरते, पॉलिप (अस्तराच्या मऊ गाठी) आकसतात आणि रक्तवाहिन्यांतून होणारा पाझर कमी होतो. त्यामुळे रक्तस्राव घटतो, दृश्य सुधारते व वेळ वाचतो. हा लाभ मुख्यतः पॉलिप असलेल्या रुग्णांत दिसतो. दृश्याची प्रत बोझार्ट श्रेणीने (0 ते 5) मोजतात. सामान्यतः प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, रोज सुमारे 30 मिग्रॅ., 5 ते 7 दिवस देतात. मात्रा व कालावधी याबाबत एकमत नाही.

रक्तशर्करा वाढणे, निद्रानाश व जठरदाह हे दुष्परिणाम संभवतात. मधुमेह, काचबिंदू असल्यास विशेष दक्षता लागते. डोके उंच ठेवणे, ॲड्रेनॅलिनमध्ये भिजवलेल्या पट्ट्या व नियंत्रित रक्तदाब हे रक्तस्राव कमी करण्याचे पूरक उपाय होत.