जुना कॅमेरा की नवा?

भिवंडीजवळच्या दापोड्यात शिक्षकांशी प्रकाशाच्या पाठाविषयी बोलताना आम्ही टेबलावर एक जुना कॅमेरा ठेवला होता. एका बाईंनी विचारले, "मोबाइलवर क्षणात फोटो निघतो. मग हे धूड मुलांना कशाला दाखवायचे?" प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी आम्ही त्यांना १९४६ सालच्या पुण्यात नेले.

डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी राहत होते. 'लाइफ' साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट त्यांचे चरख्यासह छायाचित्र घ्यायला आल्या. खोलीत उजेड कमी, आणि गांधीजींना झगझगीत प्रकाश नकोसा. म्हणून परवानगी मिळाली फक्त तीन फ्लॅशबल्बची. पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसरा साधला, आणि ते छायाचित्र जगभर पोहोचले.

बल्ब तीनच का मोजायचे? कारण एक बल्ब एकदाच पेटे. काचेच्या फुग्यात धातूची अतिशय बारीक तार आणि ऑक्सिजन असे. वीज सोडली की तार भक्कन जळून जाई. प्रकाश शिगेला पोहोचायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागे. कॅमेऱ्याची झडप नेमकी तेव्हाच उघडी हवी. ताळमेळ चुकला की फिल्म कोरी!

त्या काळी बातमीदारीत स्पीड ग्राफिक हा मोठा कॅमेरा रूढ होता. त्याची निगेटिव्ह ४ × ५ इंचांची, म्हणजे २० चौरस इंच. लायका १९२५ मध्ये बाजारात आला, त्याची निगेटिव्ह २४ × ३६ मिलिमीटर. मुलांना क्षेत्रफळे काढू द्या, पहिली दुसरीच्या सुमारे पंधरा पट भरते. मोठ्या निगेटिव्हमध्ये तपशील भरपूर, पण फिल्मच्या एका धारकात दोनच छायाचित्रे. छोट्या कॅमेऱ्याच्या एका रिळात छत्तीस.

मग वृत्तछायाचित्रकाराने काय निवडावे? १९३०च्या दशकाअखेरीस मुंबईत काम सुरू करणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिकही वापरला आणि हातात मावणारा, एका रिळात बारा चित्रे देणारा रोलायफ्लेक्सही. प्रश्न जुन्या-नव्याचा नव्हताच. उजेड किती, प्रसंग किती वेगाचा, छापायला तपशील किती हवा, आणि चुकलो तर पुन्हा संधी आहे का, हे प्रश्न होते. बातमीतला क्षण परत येत नाही.

आजही हेच प्रश्न आहेत, फक्त त्यांची उत्तरे मोबाइल परस्पर देऊन टाकतो. जुन्या कॅमेऱ्यात मात्र अंतर, छिद्र आणि वेळ ही तीन कडी हाताने फिरवावी लागतात. निर्णय डोळ्यांना दिसतो.

एक करून पाहा. संध्याकाळी शाळेसमोरून जाणाऱ्या ट्रकचा मोबाइलवर फोटो काढा. तो बहुधा धूसर येईल. दुपारी तोच ट्रक स्पष्ट का येतो, हे मुलांना विचारा. मग जुना कॅमेरा त्यांच्या हाती द्या.