जास्वंद थांबत नाही

आजचा प्रश्न साधा आहे: तेलरंगात जास्वंद रंगवायची कशी?

अलिबाग, नागाव, मुरूड, कुठल्याही वाडीत बघा. जास्वंद सकाळी उमलते आणि बहुतेक वेळा संध्याकाळी मिटते. तेलरंगातलं जवसाचं तेल मात्र पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. एक थर वाळायलाच काही दिवस लागतात. म्हणजे रंग ओला असतानाच फूल कोमेजलेलं!

हॉलंडचे चित्रकार मग सरळ थांबायचे. यान व्हान हायसमनं १७४२ च्या एका पत्रात लिहिलंय, की गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलं. एका गुलाबासाठी अख्खं वर्ष!

आपल्याकडे वेगळा मार्ग निघाला. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची बाग होती. १८३८ पासून ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन सांभाळत होता. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याच्या जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर झाला. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० दरम्यान, त्यानं बागेतल्या झाडांची पावणेदोनशेच्या आसपास चित्रं काढून घेतली. तीही कागदावर, जलरंगात. जलरंग काही मिनिटांत वाळतो, त्यामुळे पान-फूल ताजं आहे तोवर काम उरकता येतं.

ती चित्रं आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. गिब्सनचं नाव त्यांच्याशी कायमचं जोडलं गेलंय. पण ब्रश ज्याच्या हातात होता, तो माणूस कोण? एक इंडो-पोर्तुगीज चित्रकार, एवढीच त्याची ओळख. पोर्तुगीजांशी नातं असलेली माणसं आपल्या किनाऱ्यालाही नवी नाहीत. कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली घराघरांत बोलली जाते. पण या माणसाचं गाव नाही, नाव नाही. त्यानं रंगवलेल्या झाडांना मात्र लॅटिन नावं आहेत!

एका दिवसात मिटणारं फूल कागदावर पावणेदोनशे वर्षं टिकतं. रंगवणाऱ्याचं नाव टिकवायला दोन शब्द पुरले असते, ते कुणी लिहिले नाहीत.

म्हणून एक काम करा. घरात आजीनं, काकानं रंगवलेलं एखादं फूल, भोपळा, मिरचीचं रोप असेल, तर ते उलटा आणि मागे पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहून ठेवा. आज विचारायला माणूस आहे, तोवर.

भेटू पुढच्या भागात!