टेकडी कोणाची?

कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. उत्तरेला वेताळ टेकडी, पूर्वेला मुठेपलीकडे पर्वती. पहाटे ह्या टेकड्यांवर माणसे फिरायला जातात. गवत, झुडपे, मोर पाहतात आणि निसर्ग सर्वांचा आहे, असे म्हणतात. तो कोणाला केव्हा खुला होता, हे मात्र इतिहासालाच विचारले पाहिजे.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे ह्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या मांग-महाराचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, असे तिने त्यात नोंदविले आहे. पुण्याच्या मोकळ्या मैदानावरील करमणुकीची ही नोंद आपण विसरता कामा नये.

पुढे इंग्रजी राज्य आले. पण रान गेले. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारचा हात डोंगरांवर पडला. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीरावांनी जंगल खात्याने गायराने गिळल्याची तक्रार मांडली. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याची शेळी, त्याचे सरपण, त्याचा रानमेवा ह्याच पडीक रानावर अवलंबून होता. मालकाला कुरण गेल्याचा तोटा झाला. भूमिहीनाची चूल विझली.

पर्वतीची गोष्ट वेगळी. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या तेथील देवळात अस्पृश्यांना मज्जाव होता. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृतींनी सत्याग्रह आरंभिला. सत्याग्रहींवर दगड पडले. सत्याग्रह काही महिने चालला, दार उघडले नाही.

आज टेकड्या वाचविण्याची चळवळ आहे. समाविष्ट गावांतील टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाचे आरक्षण २०१५ साली राज्य सरकारने कायम केले. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरील नियोजित रस्त्याविरुद्ध लोक मोर्चाने निघाले. ही चळवळ आपलीही आहे, कारण टेकडी फुटली तर पहिली झळ पायथ्याच्या वस्त्यांना बसते. पण चळवळीच्या इतिहासाला सुरुवात फिरायला जाणाऱ्यांपासून होत असेल, तर तो इतिहास अर्धा आहे. वेताळ टेकडीवर दगडाची जुनी खाण आहे. तिच्यात साठलेले पाणी पाहायला माणसे थांबतात. तो दगड कोणाच्या सुतकी-पहारीने फुटला, हे कोणी विचारत नाही.

घरातला पहिलाच पदवीधर असलेल्या विद्यार्थ्याने हे काम हाती घ्यावे. दगड फोडणाऱ्या, गवत कापणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या आजी-आजोबांकडे जावे आणि त्यांचे शब्द तारखांसह लिहून ठेवावेत. सरकारी दप्तरात हद्दीच्या खुणा सापडतील. पायवाटा कोणी पाडल्या, हे फक्त ह्या माणसांनाच ठाऊक आहे.