सागरी मेदाम्लांची नावे व पृथक्करणाचा इतिहास

कोणत्याही शास्त्राच्या परिभाषेत त्या शास्त्राच्या साधनांचा इतिहास साठलेला असतो. सागरी अन्नातील मेदाम्लांची नावे ह्या दृष्टीने तपासली असता असे दिसते की, पृथक्करणाची साधने अपुरी होती तोवर नाव प्राण्यावरून पडले. साधने समर्थ झाल्यावर त्याची जागा मोजणीने घेतली. माशाचे पोषणमूल्य ठरविण्याची रीतही ह्याच क्रमाने पालटली.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल ह्याने १८२३ मध्ये प्राणिज मेदांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉल्फिनच्या तेलातून मिळालेल्या एका अम्लास त्याने समुद्री प्राण्याच्या ग्रीक नावावरून ‘फोकेनिक’ म्हटले. पुढे हेच अम्ल व्हॅलेरियन वनस्पतीच्या मुळातही असल्याचे आढळले, आणि प्राण्याचे नाव मागे पडून वनस्पतीचे टिकले. वस्तू एकच असता नावे दोन झाली, ती केवळ उगमाकडे पाहिल्यामुळे.

जपानी शास्त्रज्ञ त्सुजिमोतो ह्याने १९०६ मध्ये सार्डिन माशाच्या तेलातील एका अम्लास त्या माशाच्या शास्त्रीय नावावरून ‘क्लुपानोडोनिक’ ही संज्ञा दिली. त्यात १८ कार्बन व ४ द्विबंध असल्याचे त्याचे अनुमान होते. पुढील संशोधनाने ते २२ कार्बन व ५ द्विबंध असे दुरुस्त केले. तेलाची परीक्षा त्या काळी मुख्यतः आयोडीन-अंकावरून होई. हा अंक द्विबंधांची एकूण मोजदाद सांगतो. ते कोणत्या अम्लातील, हे सांगत नाही. त्यामुळे जवसाचे तेल व सार्डिनचे तेल ह्या कसोटीवर जवळजवळ सारखेच ठरतात. वस्तुतः जवसातील मुख्य अम्ल १८ कार्बनांचे असून, माशातील २० व २२ कार्बनांची अम्ले शरीर त्यापासून अल्प प्रमाणातच बनवू शकते.

काही मेदाम्ले आहारातूनच मिळावी लागतात, हे बर दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. १९५२ मध्ये जेम्स व मार्टिन ह्यांनी वायु-द्रव वर्णलेखनाने मेदाम्ले वेगळी केली. १९५९ मध्ये कॅनडात ब्लाय व डायर ह्यांनी क्लोरोफॉर्म, मिथेनॉल व पाणी ह्यांच्या साहाय्याने कॉड माशाच्या स्नायूतून मेद काढण्याची जलद रीत दिली. १९६० च्या दशकात होल्मन ह्याने शृंखलेच्या मिथिल टोकापासून द्विबंध मोजण्याची ओमेगा-पद्धती रूढ केली. तिला शरीरक्रियेचा आधार आहे: शरीर शृंखला वाढविते ती दुसऱ्या टोकाने, म्हणून मिथिल टोकापासूनचे अंतर कायम राहते.

मोजणी आली तरी शब्दाचा प्रश्न संपला नाही. मराठीत ‘प्रमाण’ ह्या शब्दाने परस्परांशी असलेला हिस्साही सूचित होतो आणि प्रत्यक्ष परिमाणही. कॉडच्या मांसातील मेद शेकडा १ च्या आतच असतो; त्या मेदात ओमेगा-३ अम्लांचा हिस्सा मोठा असला, तरी १०० ग्रॅम मांसातून मिळणारे परिमाण थोडेच. आपल्या किनाऱ्यावरील तारलीत मेद पुष्कळ, पण तोही ऋतुमानाप्रमाणे बदलतो. म्हणून पोषणविषयक कोष्टकात ‘प्रमाण’ एवढेच लिहून भागत नाही. ते एकूण मेदाम्लांपैकी की खाद्य मांसापैकी, आणि मासा कोणत्या ऋतूतील, हे स्पष्ट केलेच पाहिजे. तसे न केल्यास यंत्राने वेगळे केलेले शब्दाने पुन्हा एकत्र होते.